विहिरीवर फोडलेला नारळ

माझी आई संशयी होती असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, असेल थोडीफार, कोण नसतं? तसं नव्हे. भोपाळला बिऱ्हाड लागलं त्या पहिल्याच आठवड्यात तिनं पोस्टमनला दारात उभं करून विचारलं होतं, की पाकिटाचा कोपरा आधीच फाटलेला होता का तुम्ही फाडलात. आणि हे सगळं मराठीत. हिंदी तिला येत नव्हती आणि शिकायचीही घाई नव्हती. त्यामुळे तिचे संशय हिंदीत करून सांगणं हे बाराव्या वर्षीच माझ्या गळ्यात पडलं. भाषांतर झाल्यावर ती माझ्याकडेही रोखून बघायची, की ही नक्की तेच बोलली ना.

राज्यांची फेररचना होऊन भोपाळ नव्या राज्याची राजधानी झालं होतं. शहराबाहेर मोठा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या वसाहतीत बाबांना आरोग्य निरीक्षकाची नोकरी लागली होती. गटारं, पाण्याच्या टाक्या, डासांची औषधं हे त्यांचं खातं. पुण्याचा माणूस, कामात चोख, स्वभावानं भाबडा. आई म्हणायची, "ह्यांना कुणीही शेंडी लावावी." तिच्या मते जगात शेंडी लावणारेच जास्त होते.

वसाहतीच्या पलीकडे, रायसेनच्या रस्त्याला लागून एक लहान गाव होतं. आता त्या बाजूला आनंद नगर वगैरे वस्ती झालीय, तेव्हा नुसती शेतं होती, आणि त्यातली बरीचशी कारखान्यात गेली होती. तिथून एक बाई आम्हाला दूध घालायला यायची. नवरा बांधकामावर जायचा, ही दोन म्हशी सांभाळायची. तिच्या लुगड्याला धरून तिची मुलगी यायची, सहा-सात वर्षांची, सदा काहीतरी चघळत असलेली. आई दुधाचा थेंब नखावर घेऊन ओघळतो कसा ते बघायची आणि मला म्हणायची, "विचार तिला, आज कुठल्या विहिरीचं?" दूधवाली कमरेवर हात ठेवून सांगायची, "बाईजी से कहो, भैंस खुद पानी पीती है, मैं क्या करूँ." मुलगी खुदकन हसायची आणि आई तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. मुलीवर तिचा संशय नव्हता.

त्या उन्हाळ्यात गावात पटकी आली. तिकडे तिला हैजा म्हणतात. गावात डॉक्टर नव्हता. वसाहतीचा दवाखाना होता, चांगला होता, पण तो कारखान्याच्या कायम नोकरांसाठी. ज्यांच्या शेतावर तो उभा होता ते त्यात बसत नव्हते. आजारी माणूस बैलगाडीत घालून शहरात न्यायचा, आणि नेलेले सगळे पोचत नव्हते. बाबांच्या साहेबांचं म्हणणं, गाव आपल्या हद्दीबाहेर आहे. बाबा म्हणाले, "माश्यांना हद्द कळत नाही साहेब," आणि विहिरीत लाल औषध टाकायची परवानगी मिळवून आले.

रविवार होता. आईला ती विहीर एकदा बघायचीच होती, कारण तिच्या हिशेबी आमच्या दुधातलं पाणी तिथलंच. म्हणून ती आली, आणि ती आली म्हणून मी.

विहिरीभोवती बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पुरुष लांब झाडाखाली. बाबांनी नमस्कार केला, पिशवीतून हळद-कुंकू काढून विहिरीच्या काठाला लावलं आणि एक नारळ फोडला. आमच्या घरी नवा पंपसुद्धा नारळाशिवाय चालू होत नसे, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. उलट गावाला बरं वाटेल अशी त्यांची समजूत. नारळ फुटला आणि बायकांची कुजबुज एकदम थांबली. खोबऱ्याचे तुकडे त्यांनी पुढे केले, ते कुणीच घेतले नाहीत. बाबांच्या हे लक्षातही आलं नाही. ते बादलीत पूड कालवत होते. बादली आत रिकामी केली तसं विहिरीचं पाणी जांभळट लाल झालं.

पुढे आली ती आमची दूधवाली.

"साब, जब ज़मीन गई थी, तब भी बड़े साब ने खेत में नारियल फोड़ा था. उसके बाद हमें खेत में पाँव नहीं रखने दिया. अब कुआँ भी गया?"

कारखान्याच्या भूमिपूजनाचा नारळ. तो यांच्याच शेतात फुटला होता. बाबा हातातली रिकामी बादली तशीच धरून उभे राहिले. मग घाईघाईनं समजावू लागले, की असं काही नाही, ही दवा आहे, उद्या सकाळी रंग उतरेल, मग खुशाल प्या. त्या वेळीही हेच सांगितलं होतं, एक म्हातारी म्हणाली, की जमीन फक्त मोजतोय, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आम्हाला घेऊन पुन्हा गेले. रंग उतरला होता. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. बायका खालच्या नाल्यातून पाणी भरत होत्या, जिथे म्हशी डुंबत होत्या. बाबांनी सगळ्यांना हाका मारून गोळा केलं आणि सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. दूधवाली म्हणाली, "आप तो सरकारी आदमी हैं, पीना ही पड़ेगा." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "बिटिया को पिलाओ."

बाबांनी जराही विचार न करता तांब्या माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला. तेवढ्यात आईनं तांब्याच्या तोंडावर पंजा ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

या एका शब्दाला भाषांतर लागलं नाही.

"अगं, औषध मी स्वतः टाकलंय," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही टाकलंत हो. पण ते तळापर्यंत पोचलं का, हे तुम्ही उतरून बघितलंत? माझी पोरगी आहे ही."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकेकीनं घागर उचलली आणि नाल्याची वाट धरली. दूधवालीची मुलगीही तिचं छोटं भांडं डोक्यावर घेऊन त्यांच्या मागून पळत गेली. घरी येईपर्यंत बाबा झपाझप पुढे चालत होते. आई मागून बोलत होती, की मी काय चुकीचं केलं, सांगा ना, काय चुकलं माझं?

त्यानंतर चार दिवसांत दूध बंद झालं. एका सकाळी दूधवाली आली ती रिकाम्या हातानं, धापा टाकत. मुलीला पहाटेपासून जुलाब आणि उलट्या होत होत्या. आईचा चेहरा पांढरा पडला. बाबा वसाहतीच्या दवाखान्याकडे धावले आणि तिथून नकार घेऊन परत आले. मात्र सिमेंट आणायला शहरात निघालेला एक ट्रक त्यांनी थांबवला; वाटेत गावातून मुलीला घ्यायचं ठरलं.

दूधवाली ट्रकमध्ये चढेना. तिला आई बरोबर हवी होती.

"साब कहते हैं पी लो. डागदर कहेगा सुई लगवा लो. सब हाँ-हाँ ही कहते हैं. उस दिन अकेली आपने ना कहा था. आप चलो. आप देखना वो क्या देते हैं."

मी हे आईला सांगितलं. तिनं पायात चपला घातल्या आणि ट्रकच्या फाळक्याला धरून चढली, मागोमाग मीही. बारा वर्षांत मी तिला कुठेही इतक्या मुकाट्यानं जाताना पाहिलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात पटकीच्या रोग्यांची खोली वेगळी होती. मला आत घेतलं नाही, म्हणजे आईनंच घेऊ दिलं नाही. मी व्हरांड्यात खिडकीच्या गजांना धरून उभी. मुलीचे डोळे खोल गेले होते आणि बोटांना धुणं धुतल्यावर पडतात तशा सुरकुत्या होत्या. नर्स सलाइनची बाटली टांगून सुई घेऊन आली, तशी दूधवालीनं मुलीचा हात स्वतःच्या छातीशी दाबून धरला आणि आईकडे बघितलं.

"विचार, बाटलीत काय आहे," आई म्हणाली. मी गजांतून विचारलं.

"नमक का पानी," नर्स म्हणाली.

"पाणी कुठलं? आणि सुई उकळली का?"

नर्स भडकली. लड़की जा रही है और इन्हें सुई की पड़ी है, असं काहीतरी म्हणाली, पण सुई पुन्हा उकळायला टाकली. आई त्या भांड्यावर ओणवी होऊन बुडबुडे बघत उभी. बुडबुडे आले, वाफ आली. आता विचारायला काही उरलं नव्हतं. दूधवाली अजूनही तिच्याचकडे बघत होती. आईच्या ओठांवर घाम आला होता. तिला नाही म्हणायची सवय होती; नाही म्हणून माणूस कुठे अडकत नाही, असं तिला तोवर वाटत होतं. हो म्हणावं आणि पोर हातची गेली तर? हे तिच्या तोंडावर मला इतकं स्वच्छ दिसत होतं, की मीच रडायला लागले.

"हाँ," ती म्हणाली. "लगा दो."

तिनंच मुलीचा हात सोडवून घेतला आणि सुई जाईपर्यंत धरून ठेवला.

एक बाटली संपली, दुसरी लागली. नर्स दर खेपेला येऊन एकच विचारायची, "पेशाब हुआ?" दूधवाली मान हलवायची. ऊन उतरलं. बाबा डबा घेऊन आले आणि माझ्या शेजारी गजांपाशी उभे राहिले. मग केव्हातरी आत एकदम गडबड उडाली. मुलीखालची चादर ओली झाली होती. नर्स हसून म्हणाली, "बच गई," आणि चादर बदलायला वाकली, तर दूधवाली बदलू देईना. तिनं आईचा हात धरून त्या ओल्या चादरीवर ठेवला.

आई मोठ्यानं रडली. दवाखानाभर ऐकू जाईल असं रडली. "सांग तिला," मला म्हणाली, "त्या दिवशी मी तुला पिऊ दिलं असतं, तर ही पोर नाल्यावर गेली नसती. सांग."

मी सांगितलं. दूधवालीनं मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बाईजी से कहो, आप बिटिया को पूरा लोटा पिला देतीं, तो भी हम नहीं पीते."

मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी मान खाली घातली. आईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर मीही प्यायले नसते."