पट उतरणार नाही

फ्लॅट बुश या परदेशी उपनगरातल्या घरात फ्रिज आला, गाडी आली, गवत कापायचं यंत्र आलं. प्रत्येकाला विभावरीने दारातच हळदकुंकू लावलं होतं. जवळच्या पुकेकोहे गावातल्या एका जुन्या चिनी घरातलं सामान विक्रीला निघालं, तेव्हा तिने दोनशे वर्षांपूर्वीचा एक अक्षरपट, म्हणजे कुंचल्याने लिहिलेल्या चिनी अक्षरांची गुंडाळी, आणला. तो भिंतीवर टांगला आणि सवयीने कुंकवाचं ओलं बोट टेकवलं. कागदाच्या कडेला लाल ठिपका उमटला. फ्रिज पुसता येतो, हे तिला नंतर आठवलं.

नवरा दीनानाथ आयटीतला. चिडला की आवाज खाली नेतो.

“अगं, काय लिहिलंय ते तरी माहीत आहे का?”

“नाही.”

“मग रोज बघतेस काय?”

रोज ती चहा घेऊन पटापुढे उभी राही. पावसाचं पाणी शहरात कुठून कुठे जातं हे पाहण्याचा तिला पगार मिळे; इथे शाई कुठून कुठे जाते हे ती फुकट पाही. लिहिणाऱ्याने अक्षरं सुटी ठेवली नव्हती, पार गुंताही केला नव्हता. एका रेघेची शेपटी धावत जाऊन पुढच्या रेघेला मिळे. खाली येता येता कुंचला कोरडा पडत गेला होता, तरी गड्याने तो पुन्हा शाईत बुडवला नव्हता. शेवटची अक्षरं नुसत्या ओरखड्यांवर उभी होती. तीच तिची लाडकी.

अडचण आली सत्यनारायणाची. चौरंग त्याच भिंतीपाशी मांडायचा होता.

“कुणाच्या तेराव्याचं आमंत्रण असलं तर?” दीनानाथ म्हणाला. “पूजेपुरता काढ ना.”

“पट उतरणार नाही. चौरंग सरकव.”

चौरंग सरकला नाही, पट उतरला नाही, पूजा यथासांग झाली. प्रसादाचा शिरा खाता खाता दीनानाथचा मित्र नितीश पटापुढे थबकला.

“वहिनी, ही किराण्याची यादी निघाली तर?”

“तर तुमच्या यादीशेजारी टांगून बघू.”

जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दारात काढून शेजारच्या चिनी लिनबाईही आल्या होत्या. नितीशने त्यांनाच पुढे केलं. त्यांनी चष्मा चढवून वाचलं आणि हसून इंग्रजीत सांगितलं: कुणा अंमलदाराचं मित्राला पत्र आहे. संत्री पोचली. मेजवानीला येत नाही, पाय सुजलाय.

“एवढंच?” नितीश खुशीत आला. “म्हणजे रजेचा अर्ज!”

“पाय कुठे आहे?” विभावरीने लिनबाईंना विचारलं.

लिनबाईंचं बोट त्या कोरड्या ओरखड्यांवर गेलं.

“बघा, तिथे अक्षरंही लंगडतात,” विभावरी म्हणाली. “आणि नितीश, तुमचा रजेचा अर्ज दोनशे वर्षं कोण जपणार आहे?”

लिनबाई आता कडेचे लाल शिक्के निरखत होत्या. ज्याच्या ज्याच्या हाती पट गेला, त्याने आपला शिक्का उठवला होता.

“हा गोल कुणाचा?”

दीनानाथ शिऱ्यातले बेदाणे शोधू लागला.

“माझा,” विभावरी म्हणाली. “चुकून उठला. पण माझाच.”

“जरा वाकडा आहे,” म्हणून लिनबाईंनी मान डोलावली. जाताना एवढंच सांगितलं, की असे पट कायम टांगत नाहीत, कागद थकतो.

पाहुणे गेल्यावर विभावरी स्टुलावर चढली.

“आता का काढतेस?” दीनानाथ चक्रावला. “आता तर सगळ्यांना आवडला!”

“तू काढ म्हणालास म्हणून नाही,” पट गुंडाळत ती म्हणाली. “त्याला विश्रांती. पुढच्या पूजेला पुन्हा लागेल. इथेच.”