तू म्हणशील तिकडे, तुम्ही म्हणाल तिकडे

श्यामकांतरावांना स्पेनमध्ये सायकल चालवायची नव्हती. सुमेधालाही नव्हती. दोघांनी मला हे एकाच आठवड्यात, वेगवेगळं गाठून सांगितलं, आणि वर ‘तिला बोलू नका हं’, ‘त्यांना कळू देऊ नकोस’ असं वचनही घेतलं. मी ते पाळलं. तो शहाणपणा होता की पाजीपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुमेधाची आणि माझी ओळख हॉलंडमध्ये आयंडहोवनच्या डच भाषेच्या वर्गातली, अठ्ठ्याण्णव सालची. नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारख्या लागून आलेल्या आम्ही दोघी. ती तेव्हा एकेचाळीसची होती आणि तिला सायकल येत नव्हती. या देशात सायकल न येणं म्हणजे पाय नसणं. चर्चच्या मागच्या अंगणात मोरोक्कन बायकांबरोबर ती शिकली. दोनदा पडली, मनगटाला प्लास्टर घालून वर्गाला आली. पुढे तिने गॅरेजमध्ये शिवणयंत्र मांडलं आणि डच लोकांच्या पँटी आखूड करायला घेतल्या. गिऱ्हाईक वाढलं, तशी दारावर तिच्या नावाची पाटी लागली. ती पाटी ती दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसते. मी चिडवते, ती हसते आणि पुसत राहते.

श्यामकांतराव चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मूळचा माणूस गप्पिष्ट, पुण्यात मित्रांचा अड्डा गाजवणारा. इथे मात्र मीटिंगमध्ये कामापुरतं बोलायचे. मला वाटायचं, वयाने शांत झाले असतील.

दोन हजार सोळाच्या जानेवारीत ते रिटायर झाले. निरोप समारंभात सगळे विचारत होते, आता पुढे काय. इथे या प्रश्नाला ‘काही नाही, घरी बसणार’ असं उत्तर दिलं तर लोक तुम्ही आजारी असल्यासारखे बघतात. म्हणून श्यामकांतरावांनी आधीच्या वर्षी रिटायर झालेल्या डच सहकाऱ्याचं उत्तर जसंच्या तसं ठोकून दिलं: बायकोबरोबर स्पेनच्या खेड्यांतून सायकलने फिरणार. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात कंपनीकडून सायकलला लावायच्या वॉटरप्रूफ पिशव्यांचे दोन जोड घरी आले.

समारंभात हातात केकची बशी घेऊन उभ्या असलेल्या सुमेधाला वाटलं, एवढं मनात होतं आणि बायकोला सांगितलं नाही? घरी आल्यावर ती म्हणाली, मलाही कधीपासून जायचंच होतं. झालं. आता ते नाही कसं म्हणणार? संसारात एकमेकांची मनं जपावीत हे मला मान्य आहे, पण या दोघांनी त्याचा कहर केला होता.

त्याच वसंतात त्यांचं घर विकायला निघालं होतं. पुण्यात बावधनचा फ्लॅट तयार होता. परत जायचं हे कधी ठरलं, असं विचारलं तर दोघांनाही सांगता यायचं नाही. निवृत्तीनंतर पुण्याला, असं ते पहिल्या वर्षापासून म्हणत आले होते, पाहुण्याने ‘पुढच्या वेळी राहायलाच येतो’ म्हणावं तसं. आणि आता घरांचा दलाल, इथे त्याला माकेलार म्हणतात, त्याने खरंच गिऱ्हाईक आणलं.

मेमध्ये सायकली खोक्यांत घालून दोघं विमानाने सेव्हिलला उतरले. तिथून सालामांकापर्यंत, पाचशे किलोमीटर. वय त्यांचं पासष्ट, हिचं एकोणसाठ.

आता गंमत अशी, की हॉलंडमध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्यावर नंबराची पाटी असते. निघताना नंबर कागदावर लिहायचे, कागद हँडलला चिकटवायचा आणि एक्काहत्तरहून बारा, बाराहून चौतीस असं जात राहायचं. डोकं चालवावं लागत नाही. शिवाय वाट रुंद, त्यामुळे दोघं शेजारी शेजारी बोलत जातात. स्पेनमध्ये नंबर नव्हते आणि रस्त्यावर एकामागे एक जावं लागायचं. ते पुढे, ही मागे, मध्ये वारा. फोनवरचा नकाशा डोंगरात दगा द्यायचा. प्रत्येक फाट्यावर ते थांबून विचारायचे, कुठून जाऊ या? ती म्हणायची, तुम्ही म्हणाल तिकडे. ते म्हणायचे, तसं नाही, तू म्हणशील तिकडे. रोज पाच-सहा किलोमीटर ती दोघं नम्रतेपायी जास्तीचे चालवत होती.

सातव्या दिवशी माकेलारचा मेसेज आला. गिऱ्हाइकाला शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर हवं, हो किंवा नाही. त्या दिवशी बुधवार होता. मेसेज दोघांनी वाचला आणि बघू या म्हणून फोन खिशात गेला.

पुढच्या फाट्यावर दोघं पंचवीस मिनिटं उभी होती. ऊन मी म्हणत होतं, पाणी संपत आलं होतं. तेवढ्यात पावाची पिशवी घेऊन एक आजी आल्या. त्यांनी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण हातवाऱ्यांवरून प्रश्न स्पष्ट होता: जायचंय कुठे? श्यामकांतरावांनी सुमेधाकडे बोट दाखवलं. सुमेधाने त्याच क्षणी त्यांच्याकडे बोट दाखवलं. आजींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मान हलवली आणि त्या आपल्या वाटेने निघून गेल्या.

मग दोघं एका ओकच्या झाडाखाली बसली. श्यामकांतरावांनी कबूल केलं की त्यांना यायचंच नव्हतं, केवळ तिच्यासाठी आले. सुमेधा म्हणाली, मी तुमच्यासाठी आले. आधी कुणालाच खरं वाटेना. मग ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत, आणि तीही. इतक्या वर्षांत असं हसणं झालं नव्हतं, असं ती मला म्हणाली.

हसता हसताच तिच्या मनात आशा उगवली. सहलीचं असं असेल, तर घराचंही असंच असणार. पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसत तिने विचारलं, “मग पुण्याचंही तसंच ना हो? माझ्यासाठीच जाताय ना?”

त्यांचं हसणं थांबलं.

“नाही गं. पुण्याला मला जायचंय. अठरा वर्षांत इथे माझ्या जोकला कुणी पोट धरून हसलं नाही. सगळे पोलाइटली स्माइल करतात. मला म्हातारपण मराठीत हवंय, सुमेधा.”

तिने डोळ्यांवरची बाही बाजूला केली. मग म्हणाली, “मला नाही जायचं. तिकडे मी कुणाची तरी सून होते. इथे दारावर माझं नाव आहे.”

एवढं बोलून तिला रडू आलं. सहल दोघांनाही नको होती, म्हणून भांडण नव्हतं. आता पहिल्यांदाच दोघांना काहीतरी खरोखर हवं होतं, आणि ते वेगवेगळं होतं. एकमेकांचं मन राखायची सवय असलेल्या त्या दोघांना पुढे काय करायचं ते उमजेना. त्यांनी पुन्हा सायकली हाणल्या.

शुक्रवारी एका गावाच्या चौकात कॉफी घेताना फोन वाजला. श्यामकांतरावांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर मधोमध ठेवला. माकेलारने डच रीतीप्रमाणे हवापाणी न विचारता विचारलं, हो की नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तो म्हणाला, हॅलो. मग सुमेधा डचमध्ये म्हणाली, “ने.” नाही.

मराठीत माझ्याने झालं नसतं, असं तिने मला नंतर सांगितलं. श्यामकांतरावांनी फोन बंद केला आणि म्हणाले, “बरं झालं, तू बोललीस.” ते मनापासून म्हणाले की तिला बरं वाटावं म्हणून, हे मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, कॉफी घ्या.

आता श्यामकांतराव ऑक्टोबर ते मार्च बावधनला असतात आणि उन्हाळ्यात इथे; सुमेधा बारा महिने इथेच. कुणी म्हणतं छान तोडगा, कुणी म्हणतं या वयात वेगळं राहणं बरं नव्हे. मी कधी या बाजूने असते, कधी त्या.

परवा दुपारी पडदे शिवायला टाकायला गेले होते. चार वाजता श्यामकांतरावांचा फोन आला. पुण्यात तेव्हा साडेआठ, अड्ड्यावरून नुकतेच परतलेले. त्यांनी तिथला एक लांबलचक विनोद सांगितला. गळ्यात टेप अडकवलेली सुमेधा खळखळून हसली. तिकडून त्यांच्या हसण्याचाही आवाज आला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “खरंच हसलीस, की त्यांच्यासाठी?”

तिने सुई कापडातच टोचून ठेवली.

“मीनल, खरं सांगू?” ती म्हणाली. “मलाही कळत नाही गं.”