एक सूत माल

त्या एन्झाइमचं नाव सांगून कुणाला काही कळणार नाही. रोगजंतूच्या पोटात काम करणारं एक प्रथिन, एवढं पुरे. परदेशात कुणीतरी त्याचे स्फटिक तयार करून त्यांच्यावर क्ष-किरण सोडले होते आणि त्यातला प्रत्येक अणू कुठे आहे ते शोधून काढलं होतं. दर अणूला तीन आकडे. त्या आकड्यांची चळत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या सरांच्या टेबलावर आली, आणि त्यावर मी पीएच.डी. करायची असं ठरलं. या एन्झाइमला एक खोबण होती आणि त्याचं सगळं काम त्या खोबणीत चालायचं. तिथे घट्ट बसून ते काम बंद पाडील असा रेणू मी आधी हिशेबाने बेतायचा आणि मग प्रयोगशाळेत करून बघायचा.

हिशेब करायला कॉम्प्युटर लागायचा आणि आमच्या विभागात तो नव्हता. पंच केलेली कार्डं खोक्यात भरून मी एस.टी.नं पुण्याला न्यायचो. एक कार्ड मागेपुढे झालं की पंधरवडा पाण्यात. असे आठ महिने काढल्यावर एक रेणू सापडला. तो कुठल्याही अणूला धडकत नव्हता, शिवाय दोन ठिकाणी खोबणीला छान धरून राहत होता. परतीच्या गाडीत तो कागद मी मांडीवरून खाली ठेवला नाही. शाहूवाडीकडच्या भातशेतीवाल्याच्या पोराने जगातलं एक नवं औषध बेतलंय, असं मला खरंच वाटत होतं. हसायचं असेल तर हसा.

सर मात्र हसले नाहीत आणि खूशही झाले नाहीत. कागद काय, काहीही सोसतो, एवढंच म्हणाले. माझी फेलोशिप संपत आली होती. ती दोन वर्षं वाढवायची की नाही हे ठरवायला समिती येणार होती, आणि ती वाढली तरच रेणू करून बघता येणार होता. समितीला हातात धरता येईल असं काहीतरी दाखवू या, असं सरांनी ठरवलं.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न करणारे एक मिस्त्री होते. ओतकामाचा साचा ज्यावरून मातीत उठवतात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. मी त्यांना चाचा म्हणायचो. खोबणीचे आडवे काप मी कागदावर काढून दिले, प्रत्यक्षापेक्षा दहा कोटी पट मोठे. चाचांनी एकेक काप फळीत कापून, एकावर एक चिकटवून सागवानात खोबण उभी केली. माझ्या रेणूसाठी लेथवर मणीही काढून दिले. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. मी नुसता हात फिरवत राहिलो. पट्टी लावून बघावं असं मला सुचलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

समितीचे तिघे आले. सरांनी स्वतःच्या हाताने मण्यांचा रेणू उचलला आणि खोबणीत घातला. तो अर्ध्यावर अडकला. फिरवला, उलटा केला, तरी अर्ध्यावरच. मी कॉम्प्युटरचा कागद पुढे केला. आकडे सांगतायत की बसतो, असं अडखळत म्हणालो. सरांनी माझ्याकडे न बघता समितीला विचारलं, "डोळ्यांनी दिसतंय ते खरं मानायचं, की पुण्याचा कागद?"

फेलोशिप वाढली नाही. मी औषध कंपनीची बॅग घेतली आणि डॉक्टरांच्या दारात बसू लागलो. जन्मभर औषध बेतायचं ठरवलेला माणूस इचलकरंजीपासून मलकापूरपर्यंत दुसऱ्यांची खोकल्याची बाटली विकत फिरू लागला. वडिलांनी विचारलं, औषधाचंच काम ना? मी हो म्हणालो.

सहा-सात महिन्यांनी शिरोलीत चहाच्या गाड्यावर चाचा भेटले. ओळख पटायला त्यांना जरा वेळ लागला.

"काय पावणं, झालं का तुमचं ओतकाम?"

कसलं ओतकाम, मी विचारलं.

"आवो, त्या खोबणीचं. आतनं एक सूत माल ठेवलेला की मी बोरिंगला. तुमचं सर येऊन माल काढून घेऊन गेलं. मापात आणून दिली मी."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ओतीव वस्तूचं भोक पुढे मशीनवर कापून साफ करतात, म्हणून पॅटर्नवाला ते मुद्दाम लहान ठेवतो. कापलेला माल परत लावता येत नाही, हा त्यांचा धर्म. मण्यांना ते गेज, म्हणजे तयार भोक तपासायचं माप, समजले होते, आणि गेज मापातच लागतं. यातून काही ओतायचं नाही हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी एकेक सूत, आणि माझी वाट बंद. चाचांवर मला राग आला नाही. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

सर कधी आले होते, ते मी विचारलं. समिती गेल्यावर आठ-दहा दिवसांत, ते म्हणाले.

मी तसाच विभागात गेलो. खोबण टेबलावर होती, आतून लाकूड नवं, पिवळं दिसत होतं. आत माझा रेणू बसला होता. शेजारी एक नवा विद्यार्थी त्याची मापं वहीत उतरवत होता. बसणं म्हणजे औषध होणं नव्हे, हे मलाही कळतं. कदाचित तो रेणू काहीच कामाचा निघाला नसता. पण ते बघायचा हक्क माझा होता. सरांनी एक पत्र लिहिलं असतं तर समितीने पुन्हा विचार केला असता.

मी तेवढंच विचारलं, "मला कळवलं का नाहीत, सर?"

"कळवून काय झालं असतं?" ते म्हणाले. "समितीपुढे बसला नाही ना. आता तू नोकरीत स्थिरावलायस."

त्यांनी चहा मागवला. आठवडाभर खोकल्याने झोप नाही, म्हणाले, आणि माझ्या बॅगेकडे बघून विचारलं की काही आहे का. मी बॅग उघडली आणि एक बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. दिवसातून तीन वेळा, दोन चमचे, असंही सांगितलं.