पहिली चक्कर जोडीनं

किसन मिस्त्रींनी इंजिन बांधलं, की गाडीची पहिली चक्कर मालकाला कधी मिळत नसे. पिंगळीच्या गॅरेजात चिंधीला हात पुसत ते मागच्या घराकडे हाक मारायचे, "गया, चल गं!" गयाकाकू हातचं पीठ झटकून, डोक्यावर पदर घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसायच्या. गावाला तेवढाच विषय. "काय मिस्त्री, वरात निघाली का?" मिस्त्री लक्षच द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, लाजतात.

बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मला आधी माणूस आगाऊच वाटला. इंजिन तपासताना पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ दातांत. "कानानं काय ऐकायचं? हाडानं ऐकावं," म्हणायचे. आणि चकरेचं विचारलं, की ठरलेलं उत्तर: "इंजिनानं दगा द्यायचा तर पहिला मला देऊ द्या. गिऱ्हाईक जगलं पायजे." हे ते हसून म्हणायचे.

लग्नांचे फोटो काढत मी जिच्यातून हिंडायचो, ती माझी जुनी जीप धूर ओकायला लागली. नवं इंजिन माझ्या ऐपतीबाहेरचं. मिस्त्री म्हणाले, "लय खर्चात पडू नका भाऊ. रिंगा नव्या टाकू, पिस्टन हायेत तेच चालवू." बेअरिंगही झिजलेल्याच होत्या. ढिलेपणा भरायला त्या बेअरिंगांमागं मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घडी करून घातला. इकडे ही जुनीच रीत.

"टिकंल का?" मी विचारलं.

"टिकवावं लागतंय," ते म्हणाले.

इंजिन बसलं त्या दिवशी काकू माहेरी, गंगाखेडला होत्या. मी म्हटलं, राहू द्या, काकू आल्यावर बघू. मिस्त्री खुशीत होते. "तिलाच आणायला जायलोय की!" त्यांनी जीप चालू केली, पेचकस दातांत धरला, डोळे मिटले. "गप हाय," म्हणाले. चाकाखाली लिंबू ठेवलं आणि निघाले. रस्त्यावर चढताना त्यांनी रेस दिली, आणि मला आतून ठक-ठक ऐकू आलं. बारीक, पण स्पष्ट.

"मिस्त्री, थांबा! ठोकायलंय!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, मागं धावलो. आरशात दिसलो असेन. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि निरोप घेतात तसा हलवला.

गंगाखेडच्या वाटेवर, दैठण्याच्या अलीकडे इंजिन जाम होऊन जीप रस्त्यातच उभी राहिली. मिस्त्री उतरून तिच्यापुढं वाकले होते. उसानं भरलेला ट्रक मागून आला. "लय हॉर्न मारला हो," ड्रायव्हर रडत सांगत होता, "ते हललेच न्हाईत. भरली गाडी, थांबंना." मला त्याचा राग आला, त्या इंजिनाचा आला, आणि खरं सांगतो, मिस्त्रींचाही आला. बहिऱ्यासारखं काय उभं राहायचं?

तेरावं झाल्यावर काकूंकडे गेलो. त्या सतरंजीवर एकट्या बसल्या होत्या.

"त्यांना लय वर्सांपासून ऐकू येत नव्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणंल? म्हणून कुणाला सांगू दिलं न्हाई. मी शेजारी बसायची ती त्यासाठीच. मागून हॉर्न वाजला, की त्यांच्या मांडीवर एक थाप मारायची. इंजिन ठोकलं, की दोन."

"तुमचं इंजिन ठोकत होतं का, भाऊ?"

मी होकाराची मान हलवली. काकूंनी शेजारच्या रिकाम्या सतरंजीवर हळूच दोनदा थाप मारली.