बोट दाखवून इंग्रजी

व्हाइटफील्डला आमच्या थांब्यावर रोज सकाळी एक आजी नातीला शाळेच्या बसमध्ये बसवायला येतात. बोलतात मराठीच, पण कन्नड फोडणीची. नातीने इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, की त्या समोर दिसेल त्याच्याकडे बोट दाखवतात. ‘लेझी’ म्हणजे तो आडवा पसरलेला कुत्रा. ‘अँग्री’ म्हणजे हॉर्न बडवणारा ऑटोवाला. मला मोठी गंमत वाटायची.

परवा नातीने विचारलं, “प्रॉमिस म्हणजे?”

आजींचं बोट माझ्याकडे वळलं. “ही अक्का महिनाभर ‘तुला चित्रांचं पुस्तक आणते, आणते’ म्हणतेय ना, ते.”

काल मी निमूट पुस्तक नेलं. आजींनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“सरी, बरं झालं, अक्का. पण आता हिला ‘प्रॉमिस’ कुणाकडे बोट दाखवून शिकवू?”