फक्कीचा गोल

उज्ज्वला राठोड मॅडमइतकी भित्री बाई अख्ख्या मानोरा तालुक्यात नसेल. आमच्या शाळेत त्या गणित-विज्ञान शिकवतात, मी मराठी. भिंतीवर पाल दिसली की त्या वर्ग सोडतात. आणि ही बाई मुलांना रॉकेट शिकवते. म्हणजे लॅपटॉपवर. वजन, इंजिनाचा जोर, वारा असे आकडे भरायचे, की पडद्यावर रॉकेट उडतं आणि कुठे पडेल तेही दिसतं. अशी शेकडो रॉकेटं त्यांनी उडवली, खरं एकही नाही.

खरं उडवायची पाळी आली ती नववीतल्या चंदामुळे. दिवाळीनंतर तिचा बंजारा तांडा ऊसतोडीला निघतो. यंदा चंदालाही न्यायचं ठरलं होतं. मॅडम कसाबसा धीर करून तिच्या वडिलांकडे, प्रेमसिंगकडे गेल्या आणि रॉकेट कुठे पडेल हे ती आधीच सांगते, असं म्हणाल्या. तो म्हणाला, पोरगी सांगते तिथंच रॉकेट पडलं तर तिला शाळेसाठी मानोऱ्याला मावशीकडे ठेवतो. मॅडम हो म्हणून आल्या आणि दोन दिवस त्यांना घास गिळवेना.

चंदानं गणित मांडलं. सोयाबीन निघालेल्या वावरात, रॉकेट उडवायच्या जागेपासून सत्तर पावलांवर चुन्याच्या फक्कीचा गोल आखला. सकाळी तांडा जमला. मॅडमनी शाळेत बनवलेलं रॉकेट हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते जड लागत होतं.

रॉकेटची छत्री, म्हणजे पॅराशूट, चंदाच्या आईनं, भुरीबाईनं शिवली होती. नवी वस्तू पहिल्यांदा घराबाहेर काढताना तिला कवडी लावायची, हा तिचा नेम. तिनं छत्रीला एकवीस कवड्या टाचल्या होत्या. तीस ग्रॅम वजन वाढलं होतं आणि आखलेला गोल चुकला होता. मॅडमनी कात्री घेतली, पण भुरीबाई समोरच हौसेनं उभी होती. कात्री चालेना.

"कापू नका, मॅडम," चंदा म्हणाली. "वजन वाढलं का परत मांडाचं, तुमीच शिकवलं ना."

ती वावराच्या धुऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसली. जड रॉकेट कमी उंच जाणार, छत्री खालीच उघडणार, वारा तिला फार लांब नेणार नाही. तिनं जुना गोल पायानं पुसला आणि चाळीस पावलांवर नवा आखला. प्रेमसिंग कपाळाला आठ्या घालून बघत होता. आता हा म्हणणार, पोरीनं ऐन वेळी डाव बदलला.

बटण दाबलं. रॉकेट सणाणत वर गेलं. मॅडमनी डोळे मिटून माझा दंड असा धरला की वळ उठले. रॉकेट उलटं होऊन खाली यायला लागलं तरी छत्री उघडेना. मग उघडली. कवड्या चमकवत रॉकेट उतरलं, ते गोलाच्या दोन पावलं बाहेर.

मॅडमचे ओठ पांढरे पडले होते.

"भायेर पडलं, बापू," चंदाच म्हणाली. "दोन पावलं. वारा वाढला असन. मले परत मोजू द्या."

आणि ती तिथंच ढेकळांत बसून आकडे भरायला लागली. बाप वाकून ते आकडे बघू लागला. मग त्यानं फक्कीची बादली उचलली आणि रॉकेट आत येईल असा मोठा गोल आखला.

"आता आत हाय ना, मॅडम?"

मॅडम रडत नुसती मान डोलावत राहिल्या.