झाडाला जामीन

नानांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांचं काम मात्र भीती दाखवण्याचं होतं. माणसांना नाही, आंब्याच्या झाडांना. फोनची घंटा वाजली तरी ते दचकत. पोलीस समोरून येताना दिसला की रस्ता बदलत. आभाळात वीज चमकली की खोलीत जाऊन गोधडी डोक्यावर ओढून बसत. माई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या की यांची सावलीसुद्धा यांना विचारून पडते. पण न फुलणाऱ्या आंब्यासमोर कुऱ्हाड घेऊन उभे राहिले की त्यांचा आवाज कालव्याच्या पलीकडे ऐकू जाई.

सुरतेच्या गोडादऱ्यातले आम्ही खानदेशी लोक त्यांना 'धाकाचे नाना' म्हणायचो. ते साक्रीकडचे. तरुणपणी सुरतेत येऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. पण एकदा पट्टा तुटून शेजारच्या कारागिराच्या खांद्यावर बसला, तो आवाज ऐकून ते जे बाहेर पडले ते पुन्हा लूमकडे फिरकले नाहीत. पर्वत पाटियाच्या पुढे, कडोदऱ्याच्या वाटेला, एका शेठची आंब्याची वाडी होती. तिथे ते राखणदार झाले. वाडीतल्या एका खोलीत दोघं राहायचे. मूलबाळ नव्हतं. त्या खोलीशिवाय जगात त्यांचं दुसरं छप्पर नव्हतं. गावाकडचं घर भावकीत गेलेलं.

मी तेव्हा एका लूमच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, नुकतं लग्न झालेलं. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी चाळीत झोप लागत नसे, कारण खाली, वर, बाजूला, सगळीकडे लूमचा खडखडाट. मग मी सायकल काढून वाडीत जायचो आणि नानांच्या बाजेवर आंब्याखाली झोपायचो. अशा झोपेच्या उपकारातून आमचं नातं झालं. ते मला 'बापू' म्हणायचे.

सुरतेकडचा पाऊस आंब्याला मानवत नाही असं नाही, फार मानवतो. तीच अडचण. पाणी भरपूर मिळालं की झाड पानांतच रमतं, तांबूस पालवीवर पालवी काढत राहतं, आणि मोहोराचं नाव घेत नाही. कालव्याच्या बाजूच्या पाच झाडांची हीच गत होती. पाऊस ओसरला की नाना त्यांच्याभोवती चर खणून साचलेलं पाणी काढून द्यायचे, बुंध्याजवळची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचे, थंडी लागली की ओल्या पाल्याची धुरी द्यायचे. "सुखात असलेल्याला पुढची चिंता नसते, बापू," ते म्हणायचे. "जरा जीव घाबरला, की मग त्याला पोराबाळांची आठवण येते." हे बोलताना त्यांचा स्वतःचा चेहरा इतका घाबरलेला असे, की मला हसू दाबावं लागे.

हे सगळं करून झालं की शेवटचा उपाय धाकाचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कुऱ्हाडीला हळदकुंकू वाहायचं आणि संध्याकाळी ती घेऊन झाडासमोर जायचं. याला दोन माणसं लागतात. एकाने कुऱ्हाड उगारून झाडाला तोडायची धमकी द्यायची. दुसऱ्याने त्याचा हात धरायचा, आणि यंदा सोडा, पुढं हे फळ देईल, मी याला जामीन आहे, असं म्हणायचं. मग कुऱ्हाड बुंध्याला नुसती टेकवायची आणि परत फिरायचं. जामीन नसेल तर धाक दाखवायचा नाही, हा नानांचा कडक नियम. नुसत्या धाकानं झाड आतून वाळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन-तीन वर्षं तो जामीन मी होतो.

त्यात आणखी एक गंमत होती. धमकी ते गुजरातीत द्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, ही झाडं इथं वाढली, यांना आपली अहिराणी काय कळणार. आणि धाक कसा, शेठच्या भाषेतच शोभतो. पण विनवणी मात्र मी अहिराणीत करायची. का, तर रडगाणं कुठल्याही भाषेत कळतं.

मधल्या एका वर्षी शहरात रोगाची साथ आली. तोंडाला फडकी बांधून माणसं स्टेशनाकडे धावली, मीही बायकोला घेऊन पळालो. नानांना निरोपसुद्धा दिला नाही. परत आलो तेव्हा ते वाडीतच होते, चर खणत होते. मी मान खाली घालून विचारलं, तुम्ही कसे नाही गेलात? ते म्हणाले, "रोग दिसत नही, बापू. गर्दी दिसस." माझ्या पळण्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, तो शब्द मी आजवर माझा मीच काढत आलो आहे.

पुढच्या वर्षी थोरले शेठ वारले आणि वाडी त्यांच्या मुलाकडे, धाकट्या शेठकडे आली. माणूस वाईट नव्हता. नानांना अहो-जाहो करायचा. पण त्याला कालव्याच्या बाजूला लूमची शेड टाकायची होती आणि ती पाच झाडं बरोबर आडवी येत होती. थोरल्यांनी मरताना त्याला सांगितलं होतं म्हणे, झाडांच्या बाबतीत नाना म्हणतील ते करायचं. म्हणून तो थांबला होता. नानांना हे ठाऊक होतं आणि त्या पावसाळ्यात त्यांची झोप उडाली होती. गेल्या दोन वर्षांत त्या पाचांवर मोहोर आला नव्हता. पाऊसही असा लांबला की नवरात्र लागलं तरी चरांत पाणी.

खंडेनवमीच्या संध्याकाळी नानांनी धाक दाखवला तो आजवरचा सगळ्यात मोठा होता. "आ पांचेय झाड नकामां छे," ते ओरडले. ही पाचही झाडं निकामी आहेत, उद्याच कापून टाकतो. त्यांचा आवाज फाटला होता. मी हात धरला आणि माझं नेहमीचं म्हटलं, "औंदा सोडी द्या, नाना. पुढला साल फळ दी. मी जामीन शे." म्हणताना मला थोडं हसूही आलं. कुंपणापलीकडे धाकटे शेठ जमीन मोजणाऱ्या माणसाला घेऊन उभे होते, हे आम्हा दोघांनाही दिसलं नाही. त्यांना धमकीचा शब्द न् शब्द कळला. विनवणीतलं काही कळलं नाही.

दसरा गेला. त्यानंतरच्या सकाळी मी बाजेवर झोपलो होतो, तो टेम्पोच्या आवाजाने जागा झालो. चार माणसं करवती आणि दोर उतरवत होती. धाकटे शेठ नानांना समजुतीच्या सुरात सांगत होते, "तमे ज तो कह्युं हतुं, नाना." तुम्हीच तर म्हणालात. तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून तर माणसं बोलावली, नाहीतर मी कधी हात लावला असता?

नाना माझ्याकडे बघायला लागले. जामीन मी होतो. मी सांगायला हवं होतं की हा आमचा रिवाज आहे, खरं बोलणं नव्हे. पण माझ्या कारखान्याचा मालक या शेठचा मावसभाऊ, म्हणून मी खाली वाकून चपला शोधत राहिलो. दोराचा एक फेरा पहिल्या झाडाला पडला. तेव्हा नाना पुढे गेले. त्यांनी तो दोर दोन्ही हातांनी धरला. त्यांचं धोतर थरथरताना मला दिसत होतं.

"हुं जामीन छुं," ते म्हणाले.

शेठना काही कळेना. कसला जामीन? मग नानांनी अडखळत, अर्धं गुजराती अर्धं हिंदी करत सगळं सांगितलं. कापणारी माणसं हसली. शेठ हसले नाहीत, पण वैतागले. म्हणाले, ठीक आहे, जामीन म्हणता ना, मग जामिनाचं काहीतरी अडकलेलं असतं. तुमचं काय आहे?

नानांनी खोलीकडे बोट दाखवलं. उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, पाचही झाडांवर मोहोर दिसला नाही, तर आम्ही खोली सोडू. दारात माई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. टेम्पो रिकामा परत गेला.

तो हिवाळा आम्ही आभाळाकडे बघत काढला. दिवाळीनंतर आभाळ कोरडं झालं, थंडी पडली, नानांनी पाणी पूर्ण तोडलं, रोज धुरी दिली. मग मार्गशीर्षात ढग आले. बारीक पाऊस पडला. नाना पटका काढून पागोळीखाली उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. पुढे फांद्यांच्या टोकांवरचे डोळे फुगू लागले. आंब्याचा डोळा फुगला की काही दिवस कळत नाही, आत पालवी आहे की मोहोर. टोकदार निघाला तर पान, गुबगुबीत निघाला तर फूल. नानांना बघायचा धीर होत नसे. ते पाठ करून उभे राहायचे आणि माई शिडीवर चढायच्या.

"काय दिसतं?" नाना विचारायचे.

"तुमचं नशीब," माई वरून म्हणायच्या. "बारीक आहे, चष्मा लागेल."

पौषात पहिल्या झाडावर मोहोर फुटला. मग दुसऱ्यावर, अर्ध्याच बाजूला. मग आणखी दोन. पाचवं मात्र एका सकाळी तांबूस, तुकतुकीत पालवीनं नखशिखांत भरून आलं. बघायला सगळ्यात देखणं तेच होतं.

उत्तरायणाला आकाश पतंगांनी भरलं होतं. धाकटे शेठ मुलांना घेऊन आले. चार झाडं पाहून त्यांना मनापासून आनंद झाला, त्यांनी मोहोराचा वास घेतला, नानांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, चार पुष्कळ झाली. शेड मी दुसरीकडे टाकतो. हे एक तेवढं काढू, गोडाऊनपुरती जागा होईल. तुम्ही राहा, खोली कुठे जात नाही.

मला वाटलं, सुटलो. माईंनी तर चहा टाकला. पण नाना आत गेले आणि खोलीची किल्ली घेऊन आले. ती त्यांनी शेठच्या हातावर ठेवली. बोलले ते इतक्या हळू, की शेठना वाकून ऐकावं लागलं. जामीन पाचांचा होता. एक चुकलं, त्याचं मी भरतो. भरल्यावर त्या झाडाला हात लावता येत नाही.

शेठनी खूप समजावलं. मीही बाजूला घेऊन सांगितलं, नाना, कुणी मागत नाही आहे, शेठ स्वतः राहा म्हणतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते विजेकडे पाहायचे. "झाडेस्ना पुढे बोलनू मी," ते म्हणाले. झाडांसमोर बोललोय. शेठची त्यांना भीती होतीच, पण झाडांची जास्त होती, हे मला तेव्हा कळलं. शेठनी किल्ली हातात उलटसुलट करून पाहिली. मग ती खिशात घालून म्हणाले, झाड राहील.

दुसऱ्या दिवशी मी हातगाडी नेली. सामान ते किती, दोन ट्रंका, बाज, भांडी. आमच्याच चाळीत त्यांच्यासाठी एक पोटमाळा पाहिला होता. निघताना नाना पाचव्या झाडापाशी गेले. मला वाटलं, आता त्याला बोल लावतील. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आते भिऊ नको. आते तुले कोनी फुलाले सांगनार नही."

कालव्याच्या कडेनं आम्ही निघालो. माई पुढे चालत होत्या, मागे न बघता. पश्चिमेला थोडं आभाळ भरलं होतं. नाना दर थोड्या वेळानं गाडी थांबवायचे आणि मागे बघायचे. आता त्यांना त्या चारांची धास्ती लागली होती. मोहोरावर ढग बसला की करपा पडतो. आज धुरी कोण देणार? शेठचा नवा माणूस ओला पाला जाळेल की कोरडा? कोरड्यानं नुसता जाळ होतो, मोहोर भाजतो.

मी म्हणालो, मी येत जाईन पाळी सुटली की.

माई थांबल्या. मागे वळून माझ्याकडे बोट दाखवत नवऱ्याला म्हणाल्या, "आते येना तरी जामीन राहू नका."

नानांनी हातगाडीचा दांडा पुन्हा धरला. "तो त मी राही चुकनू," ते म्हणाले. तो तर मी राहून चुकलो. आणि ते गाडी ढकलायला लागले.

ते दोघं पोटमाळ्यावर एकच पावसाळा राहिले. लूमचा आवाज नानांना सोसवला नाही, माईंच्या माहेरच्यांनी त्यांना नेलं, आणि तिकडेच नाना गेले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलं आहे. माझ्या हातून अनेक गोष्टी निसटल्या, दिलेले शब्दही निसटले, आणि ते मोजत बसण्याची मला खोड आहे. पण त्या फाल्गुनापर्यंत, कैऱ्या धरेपर्यंत, मी रोज वाडीत गेलो आणि चारही झाडांना ओल्या पाल्याची धुरी दिली. ताप असतानाही गेलो. प्रेमानं गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी भीतीनं गेलो.